मुकी पालखी

खारकोंडच्या लोकांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, ते त्या शिमग्याला पाहिलं. देवीची पालखी देवळातून निघाली, पण तिच्यापुढे ढोल नव्हता, टिमकी नव्हती, सनई नव्हती. पालखीला खांदा दिलेली माणसं नुसती चालत होती. त्यांच्या पावलांखाली सुकलेला पाचोळा वाजत होता. मधूनच कुणी देवीच्या नावाने हाळी दिली, तर तिला साथ द्यायला लोक ओशाळत होते. मागच्या दांडीला भागोजीचा खांदा होता. पालखी घरोघर फिरवून तो परत आला आणि हातपाय न धुताच ओसरीवर बसला.

"आपली पालखी मुकी निघाली," एवढंच तो बहिणीला, मनुबाईला, म्हणाला.

गावचा बाजा वाजवायचा तो महारवाड्याने, हे कैक पिढ्या चालत आलेलं होतं. पण आदल्या साली महाडला तळ्यावर मोठी सभा झाली. खारकोंडच्या वाड्यातले काही जण पायी जाऊन आले. आल्यावर वाड्याने एकत्र बसून ठरवलं की मेलेलं ढोर ओढायचं नाही, कुणापुढे वाकून जोहार घालायचा नाही आणि गावच्या पालखीपुढे बाजा वाजवायचा नाही. पहिल्या दोन गोष्टींवर गाव चिडलं. तिसरीवर मात्र गाव अडलं. कारण वाड्यातल्या नामासारखा ढोल बोर्ली पंचतनापासून श्रीवर्धनापर्यंत कुणी वाजवत नव्हतं, आणि कुणब्यांच्या घरात तर टिमकी धरायचीही कुणाला माहिती नव्हती.

भागोजीला पालखीचं दुःख होतंच, पण त्याच्या घरात त्याहून जवळचं एक दुखणं होतं. त्याचा एकुलता एक मुलगा हरेश्वर पंधरा वर्षांचा झाला होता. आई गेल्यापासून पोरगा मिटून गेला होता. कामाला वाघ, पण चार माणसं समोर आली की मान खाली. पावसाआधी भागोजीने त्याला बोर्लीच्या बाजारात कोयता आणायला पाठवलं. दुकानातला एक कोयता सापडेना, तेव्हा दुकानदाराने याच्यावर आळ घेतला. "मी घेतला न्हाय," एवढं म्हणायचं होतं. तेही त्याला म्हणता आलं नाही. लोक जमले, कुणी हसले, कुणी दटावलं, आणि हा आपला खांबासारखा उभा. शेवटी कोयता गोणीखाली निघाला. घरी येऊन पोराने काही सांगितलं नाही. चार दिवसांनी दुसऱ्याच कुणाकडून भागोजीला कळलं.

"तोंड दिलंय ना देवानं तुला?" भागोजी त्याच्यावर ओरडला. "उद्या मुंबईला जाशील, तिथं कोण येणार हाय तुझ्या वतीनं बोलायला?"

हरेश्वर जमिनीकडे बघत राहिला. ओरडून झाल्यावर भागोजीलाच वाईट वाटलं. तरुणपणी त्याने चार-पाच वर्षं गिरगावात काढली होती. तिथे गणपतीत पोरांची पथकं निघायची. ढोल-लेझीम घेतलेली ती पोरं गर्दीतून कशी छाती पुढे काढून चालायची, हे त्याने पाहिलं होतं. एकट्याने जी पोरं कोपऱ्यात बसतात, ती दहा जणांत हात मिसळला की उभी राहतात, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. ते आता आठवलं, आणि आठवणीबरोबर नामाही आठवला.

नामाच्या घरी जायची भागोजीला सवय नव्हती. काम असलं तर माणूस पाठवून बोलवायचं, अशी रीत. त्या दिवशी मात्र तो हरेश्वरला घेऊन स्वतः गेला आणि कुंपणाबाहेर उभा राहून हाक मारली. नामा अंगणात दोरी वळत होता. तो उठून आला.

"रामराम, भागोजीराव."

पूर्वी हाच नामा कमरेत वाकून जोहार म्हणायचा. भागोजी क्षणभर घुटमळला. मग त्यानेही रामराम केला.

"एक काम होतं, नामा."

"बाजाचं असंल तर नगा सांगू."

"पालखीपुढं वाजव असं म्हणत न्हाय मी. तुमचं ठरलंय ते ठरलंय. माझ्या पोराला शिकव. याला एकट्यालाच न्हाय, वाडीतल्या आठ-धा पोरांना."

नामा हसला, पण ते हसू काही आनंदाचं नव्हतं. "ढोल वाजवून कोण मोठा झालाय, भागोजीराव? माझा आजा वाजवून मेला, बाप वाजवून मेला. देवीच्या अंगणाबाहेर उभं ऱ्हायचं त्यांचं काय चुकलं न्हाय."

 भागोजीने हरेश्वरच्या पाठीवर हात ठेवून त्याला जरा पुढे केलं. "याच्याकडं बघ. याला आवाजच न्हाय. मी वरडतो, त्यानं आणखी बसतो. ढोलानं हे सुटंल असं माझं मन सांगतं."

नामाने पोराकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यालाच विचारलं, "तुला शिकायचंय? बापाला न्हाय, तुला इचारतोय मी."

हरेश्वरने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मग अगदी हळू म्हणाला, "व्हय."

तेवढ्या एका शब्दावर नामा विरघळला असावा. कुंपणाच्या काठीवर हात ठेवून तो म्हणाला, "शिकवीन. पण मास्तर म्हणून शिकवीन, चाकर म्हणून न्हाय. पोरं नि मी खाडीला एकाच वाळूवर बसू. आणि ज्या दिवशी पोरं लोकांसमोर वाजवायला उभी ऱ्हातील, त्या दिवशी मी त्यांच्या पुढं चालणार. देवळाच्या अंगणात जायचं झालं तर अंगणात. कबूल हाय?"

"कबूल," भागोजी म्हणाला. "माझा शब्द."

शब्द देताना त्याला काहीच जड गेलं नाही. शिमगा लांब होता.

देवळातले ढोल आणि टिमक्या काढायच्या तर मुख्य मानकरी कोंडाजीला विचारायला हवं होतं. भागोजीने विचारलं. पोरं शिकणार म्हणाला, पण कुणाकडून शिकणार ते बोलला नाही. कोंडाजी खूश झाला.

"हे बेस केलंस. आपलीच पोरं वाजवायला लागली की कुणाच्या मिनतवाऱ्या करायला नकोत. मग बसू देत वाड्यावर रुसून."

भागोजी ढोल खांद्यावर घेऊन निघाला, तेव्हा हे वाक्य त्याला बोचलं. नामाने आपल्या हाताने पोरं तयार करायची, आणि त्याच पोरांच्या जोरावर गावाने नामाच्या वाड्याला धुडकावून लावायचं. हे नामाला सांगायला हवं, असं त्याच्या मनात आलं. सांगितलं तर नामा शिकवणार नाही, हेही आलं. त्याने सांगितलं नाही.

खाडीच्या मुखाशी केवड्याच्या बनामागे वाळूचा एक सपाट पट्टा होता. भात कापून झाल्यावर पोरं तिथे जमू लागली. पहिले कित्येक दिवस नामाने ढोलाला हातच लावू दिला नाही. पोरांना गोल बसवायचं आणि ओल्या वाळूवर तळव्यांनी थापा मारायला लावायचं. एकाने चार थापांचा बोल टाकायचा, बाकीच्यांनी तोच उचलून परत द्यायचा. मग पुढच्याची पाळी. असं गोल फिरत जायचं. एखाद्याचा हात चुकला की पोरं हसायची. नामाने एकच नियम घातला.

"कुणी चुकला तर थांबायचं न्हाय, हसायचं न्हाय. तो चुकला तसाच्या तसा उचला आणि त्याला परत द्या. त्याला वाटलं पायजे, मी चुकलो न्हाय, मी नवा बोल टाकला."

हरेश्वरची पाळी आली की थाप पडायचीच नाही. हात वाळूवर ठेवून तो तसाच बसायचा. नामा त्याला कधी टोचायचा नाही. तो गप्प राहिला तेवढा वेळ सगळ्यांना गप्प राहायला सांगायचा, आणि मग म्हणायचा, "झालं. हरेश्वरानं गप्प बोल टाकला, तुम्ही बी तोच परत दिला. आता काळूराम." काळूराम हा शेजारच्या घरातला, सगळ्यांत दांडगा पोरगा. पहिल्यांदा तो खिदळला. पण पुढे पुढे हरेश्वरच्या त्या गप्प बोलाला सगळी पोरं गंभीरपणे थांबू लागली.

ढोल गळ्यात आल्यावर एका दुपारी हरेश्वरच्या हातातल्या टिपरूने पहिल्यांदा बोल टाकला. साधाच होता, पण थेट. बाकीच्यांनी तो असा उचलला की केवड्यातले बगळे उडाले. भागोजी त्या वेळी बांधावरून येत होता. त्याने आवाज ऐकला. गोलातल्या पोराचं तोंड पाहिलं, आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून तो मागे वळून खाडीकडे बघत उभा राहिला.

त्यानंतर घर बदललं. हरेश्वर जेवताना बोलू लागला. आत्याला चेष्टेने उलट उत्तरं देऊ लागला. बाजारात स्वतःहून जाऊन मीठ-मिरची घेऊन आला. मनुबाई एकदा म्हणाली, "घरात माणूस आल्यासारखं वाटतंय रे." बोलण्यात सारखं एकच नाव असायचं. नामाकाका असं म्हणतात, नामाकाकांनी तसं दाखवलं.

"दारात काका-बिका म्हणू नको," भागोजी एकदा त्याला दबक्या आवाजात म्हणाला. "लोक ऐकतात."

"मग काय म्हणू?"

 पोरगा आपल्याकडे पाहतोय, सरळ डोळ्यांत पाहतोय, हे भागोजीला जाणवलं. हेच तर त्याला हवं होतं. तरी त्याने नजर काढून घेतली.

शिमगा तोंडावर आला तेव्हा कोंडाजीने मानकऱ्यांची बैठक देवळात बोलावली. तोवर सगळ्या गावाला सगळं कळलेलं होतं.

"पोरं चांगली तयार झाली," कोंडाजी म्हणाला. "कुणी का शिकवेना, आता आपली झाली. पण ऐकतोय की नामा पुढं चालणार म्हणून. तसं काय ठरलंय का रे भागोजी?"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या. भागोजी म्हणाला, "पोरांनी उगाच काहीतरी उठवलं असंल."

"मग हरकत न्हाय. त्यानं अंगणाबाहेरच्या पिंपळाच्या पलीकडं उभं ऱ्हावं, नेहमीसारखं. लांबनं ऐकावं."

बैठक उठली. घरी येताना भागोजीने स्वतःला समजावलं की आज वाद घालून उपयोग नव्हता, नामाला आधी जाऊन सांगू, तो समजूतदार आहे, ऐकेल. दुसऱ्या दिवशी तो निघालाही, पण वाटेत राबासाठी तोडलेल्या फांद्यांची कवळं रचायची आठवली. तिसऱ्या दिवशी नामा घरी नसेल असं वाटलं. एकदा तो कुंपणापर्यंत गेला. आत नामाची बायको काशी पांढरं धोतर खळ घालून वाळत टाकत होती. ते कुठल्या दिवसासाठी आहे, हे भागोजीला विचारावं लागलं नाही. तो तिथूनच परतला.

हरेश्वरने विचारलं, "नामाकाका पुढं चालणार ना, बाबा? तुम्ही बोललात ना मानकऱ्यांशी?"

"व्हय," भागोजी म्हणाला.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या अंगणात माणूस मावत नव्हतं. पालखीला नवी झूल घातली होती. पोरं ढोल-टिमक्या गळ्यात अडकवून ओळीने उभी होती. एकसारखे फेटे बांधल्यामुळे ती अंगाने मोठी दिसत होती. मधोमध हरेश्वर होता. पहिला बोल त्याने टाकायचा होता. आयाबाया एकमेकींना खुणेने दाखवत होत्या की तो बघा, मनुबाईचा भाचा.

नामा आला. खळीचं धोतर, डोक्याला पटका, पायांत काही नाही. पिंपळापाशी तो थांबला नाही, सरळ अंगणाच्या कडेपर्यंत आला. कुणीतरी म्हणालं, "अरे, अरे." कोंडाजीने हात वर केला.

"नामा, तिथंच."

नामा थांबला. तो कोंडाजीकडे बघत नव्हता. तो भागोजीकडे बघत होता. भागोजी पालखीच्या मागच्या दांडीशी होता.

"भागोजी," कोंडाजीने विचारलं, "तू बोलावलंस का याला?"

झुलीच्या एका कडेला गोंडा गुंतला होता. भागोजी तो सोडवू लागला. गोंडा सुटेना. त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"न्हाय. तो आपला आपण आला असंल."

त्याने मान वर केली तेव्हा नामाच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं पुढे भागोजीला कितीदा तरी वाटलं. वजन उचलायला वाकलेल्या माणसाला मधेच कळावं की हे आपल्याने उचलणार नाही, तसा तो दिसत होता. तो वळला आणि पिंपळाच्या पलीकडे, जिथे काशी आणि वाड्यातली चार माणसं उभी होती, तिकडे गेला. त्यांतला एक जण काहीतरी कडू बोलला. काशीने पदराने तोंड झाकलं.

"चला," कोंडाजी म्हणाला. "वाजवा रे पोरांनो."

हरेश्वरने टिपरू उचललं नाही. लोक थांबले. कुणीतरी हळूच म्हणालं, "घाबरला. जुनीच खोड." भागोजीच्या मनात एक लाजिरवाणी आशा आली, की खरंच घाबरला असू दे.

पण पोरगा घाबरलेला नव्हता.

"बाबांनी बोलावलंय त्यांना," तो म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "मी होतो तिथं. बाबांनी शब्द दिला होता. नामाकाका पुढं चालणार असतील तर आम्ही वाजवू."

"गप," कोंडाजी म्हणाला. "भागोजी, तुझ्या पोराला आवर."

भागोजीला वाटलं, आता तरी बोलावं. तोंड उघडलंही. पण आता बोलणं म्हणजे मघाचं खोटं होतं असं सगळ्या गावासमोर म्हणणं होतं, आणि तो परत गोंड्याकडे वळला. हरेश्वरने वाट पाहिली. बापाकडून काही येत नाही असं दिसल्यावर त्याने ढोल गळ्यातून काढला आणि जपून, आपटू न देता, जमिनीवर ठेवला. मग काळूरामने ठेवला. एकेक करून सगळ्यांनी ठेवले. एका पोराला त्याच्या बापाने कानफटीत मारून उभं केलं आणि वाजव म्हणाला. त्याने रडत रडत टिमकीवर दोन थापा मारल्या, त्याही कुणी उचलल्या नाहीत, म्हणून तोही थांबला.

त्या साली पालखी पुन्हा मुकीच निघाली. भागोजीने खांदा दिला. सगळी वाडी फिरून होईपर्यंत पुढच्या-मागच्या एकानेही त्याच्याशी शब्द काढला नाही. जे नामाच्या बाजूचे नव्हते तेही बोलले नाहीत.

हरेश्वर घरी नेमाने काम करत होता. विचारलं तर उत्तर देत होता. पूर्वी तो बोलत नसे तो बुजून. आता बोलत नव्हता, तो निवडून. दोन्हींतला फरक भागोजीला जेवताना रोज कळत होता.

नामाचं त्याहून वाईट झालं. त्याच्या वाड्यातल्या पंचांनी त्याला बसवून जाब विचारला. आपण बाजा टाकला आणि तू कुणब्यांच्या पोरांना बाजा शिकवलास, आपल्याच लोकांचा निश्चय मोडलास, आणि वर अंगणात जाऊन वाड्याची शोभा करून घेतलीस. नामा उत्तर देईना. तेव्हा हरेश्वर आणि काळूराम तिथे गेले होते म्हणे, न बोलावता. हरेश्वर उभा राहून म्हणाला होता, की काकांनी आम्हाला देवळासाठी शिकवलं न्हाय, आमच्यासाठी शिकवलं. आमच्या गावानं शब्द मोडला, काकांनी न्हाय मोडला. पंचांनी पोरांचं ऐकून घेतलं आणि ते प्रकरण तिथेच सोडून दिलं. हे सगळं भागोजीला काळूरामच्या बापाकडून बांधावर कळलं. ऐकता ऐकता त्याच्या हातातलं फावडं थांबलं. बापाने जे बोलायला हवं होतं ते पोरगा दोनदा बोलला होता. एकदा गावात, एकदा वाड्यात.

त्या संध्याकाळी तो नामाकडे गेला. या वेळी कुंपणाबाहेर थांबला नाही, अंगणात गेला. काशी भाकऱ्या भाजत होती. तिने मान वळवून पाहिलं आणि परत तव्याकडे वळली.

"बसा," नामा म्हणाला.

भागोजी जमिनीवर बसला.  मग भागोजी म्हणाला, "नामा, माझं चुकलं."

"ते मला ठावं हाय."

"मला माफ कर."

नामाने मान हलवली. "भागोजीराव, मी माफ केलं म्हणालो की तुम्ही हलके होऊन घरी जाल. मी हाय तिथंच ऱ्हाणार. मला ते जमायचं न्हाय आता. पुढचं पुढं."

"कोंडाजीची धास्ती वाटली मला."

"मला बी वाटत हुती. मी अंगणापतुर आलो, कारण तुम्ही तिथं हुतात."

तव्यावरची भाकरी जळत होती आणि काशीने ती उलटली नव्हती. भागोजीला तहान लागली होती. यांच्याकडे पाणी मागावं, यांच्या हातचं प्यावं, असं त्याच्या मनात आलं. मग कळलं की हेही आपण आपल्यासाठीच मागतो आहोत. तो तसाच उठला.

पावसाळा गेला. ढोल-टिमक्या देवळात कुलपात पडल्या होत्या, पण पोरांनी खाडीच्या वाळूवर जाणं सोडलं नाही. नामाचा जुना ढोल होता, आणि बाकीच्यांनी फुटक्या पिंपांवर कातडं ताणून आपापली वाद्यं केली होती. वाड्यातली तीन-चार पोरंही आता त्या गोलात बसत होती. नामाचा मुलगा चंदर त्यांत होता. भागोजी शेतात असला की आवाज यायचा. एकाने टाकलेला बोल आणि सगळ्यांनी दिलेलं उत्तर. तिकडे जायची त्याला हिंमत झाली नाही. कुणी जाऊ नको म्हटलं नव्हतं.

दिवाळीनंतर कोंडाजीने त्याला बोलावून घेतलं. मानकरी बसलेले होते.

"गेल्या शिमग्याला झालं ते झालं," कोंडाजी म्हणाला. "पोरांना तू समजाव. तुझा पोरगा म्हणंल तसं बाकीचे करतात. येत्या शिमग्याला वाजवू देत. पुढच्या दांडीचा मान तुला देऊ."

पुढची दांडी भागोजीच्या घराण्यात कधी आली नव्हती. 

"मी नामाला बोलावलं हुतं," तो म्हणाला. "शब्द दिला हुता. इथं बसून मी खोटं बोललो, आणि अंगणात बी खोटं बोललो. पोरगा खरं बोलला. मी त्याला कुठल्या तोंडानं समजावू?"

कोंडाजीचा चेहरा लाल झाला. "मग मागची दांडी बी सोड."

"सोडतो."

वाटलं होतं तसं काही झालं नाही. छाती हलकी झाली नाही, कुणी पाठीवर हात ठेवला नाही. देवळाच्या पायऱ्या उतरताना एवढंच मनात येत होतं, की एवढंसं बोलायला आठ महिने लागले, आणि त्या दिवशी अंगणात ते एका माणसाच्या उपयोगाचं होतं, आता कुणाच्याच नाही.

नामाला बातमी लागलीच. तो बांधावर भेटला तेव्हा म्हणाला, "ऐकलं मी. बोललात म्हणं."

"उशीर झाला."

"झाला खरा," नामा म्हणाला आणि पुढे गेला. थोडं चालून थांबला, वळून म्हणाला, "सांजचं या वाळूवर. पोरं काय वाजवतात ते बघा तरी."

भागोजी गेला. गोलाच्या बाहेर, केवड्याच्या सावलीला बसला. हरेश्वरने त्याला पाहिलं, पण हात थांबवला नाही.

पुढच्या वर्षी मामाच्या ओळखीने हरेश्वरला मुंबईत काम लागलं. दिघीच्या धक्क्यावर भागोजी त्याला सोडायला आला, मनुबाई आली, गोलातली पोरं आली, आणि नामाही आला. आगबोट लांब उभी होती. तिच्यापर्यंत न्यायला पडाव लागला होता आणि धक्क्यावर माणसांची रेटारेटी चालली होती. हरेश्वर वाकला तो आधी नामाच्या पायांशी. आजूबाजूच्या चारपाच लोकांनी वळून पाहिलं, एक जण पुटपुटला. मग पोरगा बापाच्या पाया पडला. भागोजीला त्या क्रमाचं वाईट वाटलं नाही. फक्त पोराच्या डोक्यावर हात ठेवताना, त्या दिवशी झुलीचा गोंडा सोडवत बसलेला हात तो हाच, हे त्याला नको वाटलं.

"पोचल्यावर पत्र लिही," तो म्हणाला.

"लिहीन, बाबा. आत्याला जपा. आणि तुम्ही बी जेवत जा वेळेवर."

पडाव निघाला. हरेश्वर उभ्यानेच नावाड्याशी काही बोलत होता, आपली पेटी कुठे ठेवायची ते सांगत होता. मग तो आगबोटीच्या बाजूला दिसेनासा झाला.

परतीच्या वाटेवर पोरं पुढे गेली, मनुबाई त्यांच्याबरोबर. भागोजी आणि नामा मागे राहिले. नामा मागून नाही, बरोबरीने चालत होता. येणारे-जाणारे पाहत होते. भागोजीला अजूनही कुणी समोरून आलं की पाऊल जरा मागे घ्यावंसं वाटत होतं. ते त्याला कळत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. तो पाऊल मागे घेत नव्हता, एवढंच.

"खालच्या खाचराची बांधबंदिस्ती केली का?" नामाने विचारलं.

"न्हाय अजून. खारं पाणी शिरलंय एका बाजूनं."

"मग लौकर करा. चंदरला पाठवू का दोन दिस? मजुरी द्यावी लागंल."

"देईन की," भागोजी म्हणाला.

   ऊन चढत होतं, आणि खारकोंडला पोचायला अजून बराच पल्ला होता.